फोन बंद, हप्ता चालू

हप्त्यावर घेतलेला फोन दोन-तीन महिन्यांत बिघडला की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: आधी फोन नीट करून द्या, तोवर मी हप्ता भरणार नाही. माल खराब निघाला तर पैसे कशाला मोजायचे? बाजारातला हा सरळ न्याय आहे आणि तो कुणालाही पटतो. मोबाइलच्या हप्त्याला मात्र तो लागू पडत नाही. ठरलेल्या तारखेला खात्यातून रक्कम वळती होतेच. खात्यात पैसे नसतील तर दंड लागतो, मग वसुलीचे फोन सुरू होतात, आणि काही वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेचा अधिकारी एका जुन्या मोबाइलच्या थकलेल्या हप्त्यावर बोट ठेवतो. दोष फोनचा आणि डाग ग्राहकाच्या नावावर, ही उलटी गोष्ट कशी घडते हे कळलं तरच तिच्यातून बाहेर पडायची वाट सापडते.

त्यासाठी दुकानाच्या काउंटरवर नेमकं काय होतं ते पाहावं लागेल. समजा, फोनची किंमत २४,००० रुपये आहे आणि ती महिना २,००० च्या बारा हप्त्यांत फेडायची आहे. काउंटरवरच फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. आधार, पॅन, मोबाइलवर आलेला ओटीपी, बँक खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायची संमती, एवढं झालं की दहा-पंधरा मिनिटांत फोन हातात येतो. ग्राहकाला वाटतं, आपण एक व्यवहार केला. कागदावर मात्र दोन झालेले असतात. पहिला विक्रीचा: दुकानदारानं फोन विकला, त्याला त्याचे पैसे मिळाले, विक्री पूर्ण झाली. दुसरा कर्जाचा: वित्तसंस्थेनं ग्राहकाला कर्ज दिलं आणि ग्राहकाच्या सांगण्यावरून ती रक्कम परस्पर दुकानदाराला दिली. या दुसऱ्या करारात फोन चांगला असण्याची अटच नसते. वित्तसंस्थेच्या लेखी तुम्ही पैसे घेतलेत, ते तुम्ही फेडायचेत. वॉरंटी हे आणखी तिसऱ्याच पक्षाचं, म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपनीचं आश्वासन. तीन पक्ष, तीन दारं, आणि प्रत्येक दारावर उरलेल्या दोघांकडे बोट दाखवलं जातं.

कागदावर हे पक्ष वेगळे असले तरी धंद्यात ते एकमेकांना धरून असतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’चंच पाहा. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज कुठल्या ना कुठल्या रूपानं वसूल होतच असतं. कधी ते प्रोसेसिंग फीमध्ये असतं, कधी रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, आणि पुष्कळदा दुकानदार किंवा मोबाइल कंपनी ते व्याज स्वतः सोसते. म्हणजे वित्तसंस्था दुकानदाराला २४,००० पेक्षा थोडे कमी देते आणि तुमच्याकडून पूर्ण २४,००० घेते. विक्री वाढावी म्हणून विक्रेता व्याज सोसतो, कर्ज खपावं म्हणून वित्तसंस्था आपला माणूस दुकानात बसवते. नफ्याच्या वेळी जे इतके जवळ असतात, ते माल सदोष निघाल्यावर एकमेकांना ओळखत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि जगातल्या बऱ्याच देशांच्या कायद्यांनाही ते तसंच वाटलं आहे.

अमेरिकेत हा प्रश्न मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी उभा राहिला. दुकानदार हप्त्यावर वस्तू विकायचा आणि ग्राहकाची वचनचिठ्ठी लगेच एखाद्या फायनान्स कंपनीला विकून मोकळा व्हायचा. वस्तू खराब निघाली की फायनान्स कंपनी म्हणायची, वस्तूशी आमचा संबंध नाही, चिठ्ठीवरचे पैसे भरा. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७५ मध्ये नियम केला, तो १४ मे १९७६ पासून लागू झाला. विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाचे जे जे आक्षेप आणि दावे असतील, ते सगळे कर्ज हातात असलेल्या कंपनीविरुद्धही चालतील, असं करारातच छापणं बंधनकारक झालं.

ब्रिटनची तरतूद आणखी थेट आहे. तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ सांगतं की विक्रेत्याशी संधान असलेल्या कर्जदात्याच्या पैशांतून १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू घेतली असेल, तर विक्रेत्याच्या करारभंगाला कर्जदाताही तेवढाच जबाबदार. क्रेडिट कार्ड यात येतं. वस्तूच्या किमतीचा छोटासा भाग कार्डावर भरलेला असला तरी पूर्ण किमतीची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवर येते. शिवाय तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरून चालतात. तसं नव्हतं हे दुकानदारानं सिद्ध करायचं. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशातही खरेदी आणि तिच्यासाठी काढलेलं कर्ज यांना ‘जोडलेले करार’ मानलं आहे.

आपल्याकडे असं काही होऊ घातलं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. हप्त्यानं वस्तू देण्याची जुनी पद्धत म्हणजे भाडे-खरेदी. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तूची मालकी पैसे पुरवणाऱ्याकडे राहायची, ग्राहक तोवर भाडेकरू. संसदेनं १९७२ साली भाडे-खरेदी कायदा केला आणि वस्तू विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे ही अट मालकावर, म्हणजे व्यवहारात पुष्कळदा पैसे पुरवणाऱ्यावरच टाकली. तो कायदा पुस्तकात राहिला, अंमलात कधी आलाच नाही. २००५ मध्ये तो रद्दही झाला. तोवर हप्त्याच्या धंद्यानं भाडे-खरेदीचा साचा सोडून सरळ कर्जाचा साचा धरला होता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आधीच्या १९८६ च्या कायद्यापेक्षा पुष्कळ पुढे गेला, पण विकलेली वस्तू सदोष निघाली तर तिच्यासाठी कर्ज देणाराही जबाबदार, असं थेट सांगणारं कलम त्यात नाही.

म्हणून आज तरी भारतात वागायची रीत अशी: भांडण फोनच्या बाजूनं करायचं आणि कर्जाची बाजू स्वच्छ ठेवायची. हप्ता अडवून दबाव आणता येईल असं वाटतं, पण तो दबाव दुकानदारावर येतच नाही, कारण त्याचे पैसे त्याला केव्हाच मिळालेले असतात. हप्ता परत गेला की वित्तसंस्थेचा दंड लागतो, बँकेचा वेगळा लागतो. खात्यात पैसे नसल्यामुळे स्वयंचलित हप्ता परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हाही ठरू शकतो, न वटलेल्या धनादेशासारखाच. काही कर्जदाते फोनमध्येच असं ॲप बसवतात की हप्ता चुकल्यावर फोन दुरूनच बंद करता येतो. आणि सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे उशिराची नोंद जाते ती ‘उशिरा भरलं’ एवढीच जाते; ‘फोन सदोष होता म्हणून’ असा रकाना तिथे नसतो. ज्यांचे हप्ते आधीच थकले आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमकावू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. ते मोडले तर तक्रार आधी वित्तसंस्थेकडे लेखी करायची आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं.

आता फोनची बाजू. इथे सगळा खेळ पुराव्याचा आहे.

फोनचे काही दोष लपून बसणारे असतात. मदरबोर्डावरच्या चिप बारीक बारीक कथलाच्या थेंबांनी खाली जोडलेल्या असतात. फोन तापला की चिप, बोर्ड आणि कथील वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, थंड झाला की आकसतात. एखादा जोड कच्चा राहिला असेल तर त्याला हळूहळू तडा जातो. मग उन्हात, दुचाकीवर नकाशा लावलेला असताना फोन अचानक बंद पडतो, आणि सर्व्हिस सेंटरच्या वातानुकूलित खोलीत तोच फोन शहाण्यासारखा चालतो. काउंटरवरचा तंत्रज्ञ म्हणतो, काही दोष दिसत नाही. तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्यासमोर दोष उगवलेलाच नसतो. म्हणून बिघाड होईल तेव्हा दुसऱ्या फोननं त्याचा व्हिडिओ काढून ठेवावा, पडद्यावरची तारीख-वेळ दिसेल असा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावं, म्हणजे दोष नेटवर्कचा की फोनचा ते कळतं. फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे तिथेही बिघाड कायम राहिला तर ॲपवर खापर फोडता येत नाही. सगळा डेटा काढून घेऊन फोन मूळ स्थितीत आणल्यावरही दोष तसाच असेल, तर तो बहुधा हार्डवेअरचा.

सर्व्हिस सेंटर कंपनीचं अधिकृतच हवं. कोपऱ्यावरच्या कारागिराचा हात कितीही चांगला असला तरी वॉरंटीतला फोन त्यानं एकदा उघडला की कंपनीला आयतं निमित्त मिळतं. सेंटरवर फोन दिल्यावर मिळणारी जॉबशीट हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे, आणि लोक नेमका तोच घडी घालून हरवतात. तिच्यावर तारीख, फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, फोनची बाहेरची स्थिती आणि तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली असली पाहिजे. ‘हँग होतो’ एवढं लिहून घेतलं तर पुढे काही सिद्ध होत नाही. ‘चार्जिंग ४० टक्के असताना आपोआप बंद होतो, दिवसातून चार वेळा’ असं लिहायला लावावं. फोन परत घेताना काय दुरुस्त केलं, कोणता भाग बदलला, हेही कागदावर हवं. ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ किंवा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असेल तर तोही घ्यावा. एकाच तक्रारीच्या तीन-चार जॉबशीट एकापुढे एक ठेवल्या की दुरुस्तीनं न जाणारा, मुळातला दोष आहे हे त्या स्वतःच बोलतात. हे ज्यांनी नेटानं सांभाळलं त्यांचीच प्रकरणं ग्राहक आयोगापुढे उभी राहतात, असं माझं ठाम मत आहे.

वॉरंटी नाकारण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पाणी. फोनच्या आत पांढऱ्या रंगाची बारीक चिकटपट्टी असते, ओल लागली की ती लाल किंवा गुलाबी होते. फोनच्या जाहिरातीत आयपी ६८ असं पाणीरोधक मानांकन असलं तरी पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. ते मानांकन प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यातल्या चाचणीचं असतं, आणि कडांचं सील वापरानं सैल होत जातं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पाणी गेलं असं सेंटरनं सांगितलं तर फोन आपल्यासमोर उघडून ती पट्टी दाखवायला आणि तिचा फोटो जॉबशीटला जोडायला सांगावं. ज्या भागात बिघाड आहे त्याचा त्या ओलीशी काय संबंध, हेही लेखी मागावं. पट्टी लाल झाली म्हणून पडद्यातला उत्पादनदोष नाहीसा होत नाही.

फोन सेंटरवर सोडण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं, डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा, यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडावं. फोन सुरूच होत नसेल तर बँकेला कळवून त्या फोनवरची सेवा थांबवावी.

दुरुस्ती दोनदा फसली की पुढची पायरी लेखी नोटिशीची. दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांनाही ती ईमेल आणि स्पीड पोस्टानं पाठवावी आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन फोन बदलून किंवा किंमत परत मागावी. वकील लागतोच असं नाही. पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं तरी बिचकू नये. सदोष वस्तू पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. फोन ऑनलाइन घेतला असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण तिच्यामार्फत गेलेली तक्रार कंपनीत वरच्या टेबलावर पोचते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटली तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच ती करता येते; कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला. मुदत दोन वर्षांची. कायदा निकालासाठी तीन महिने आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने सांगतो, पण प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जाऊ शकतो हे मनाशी धरूनच उतरावं. दोष दुरुस्त करून द्या, वस्तू बदला, किंमत व्याजासह परत करा, भरपाई द्या, असे आदेश आयोग देऊ शकतो. इथे हप्तेवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम मागितली पाहिजे. ‘किंमत’ म्हणजे पावतीवरची रक्कम; कर्जाची प्रोसेसिंग फी, क्रेडिट कार्डावरच्या हप्त्याच्या व्याजाला लागणारा १८ टक्के जीएसटी, कर्जातच घुसवलेला विमा हे त्यात येत नाही. हा सगळा खर्च सदोष फोनमुळेच अंगावर आला, म्हणून तो भरपाईच्या रकान्यात वेगळा, आकड्यांसह मांडावा. वित्तपुरवठा हीसुद्धा या कायद्याखाली सेवाच आहे. त्यामुळे पैसे परत मिळूनही वित्तसंस्था हप्ते कापत राहिली तर तिलाही प्रतिवादी करता येतं.

ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकाच्या हक्कांसाठी देशात कायदा हवा हे बोलणाऱ्यांत महाराष्ट्र पुढे होता. दुकानात बसून दिलेल्या कर्जाला विक्रीशी बांधणारं, कलम ७५ सारखं एक कलम आपल्या कायद्यात यावं, ही मागणीही इथून जोरानं उठायला हवी. आज फोनच्या हप्त्यात अडकणारे बहुतेक जण नुकते कमावते झालेले, पहिल्यांदाच कर्ज घेणारे असतात, आणि त्यांच्या पतव्यवहाराचा पहिला धडा असा अन्यायाचा असू नये.

तोवर कर्जाच्या कागदांतले दोन-तीन कोपरे उपयोगाचे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर एक मुख्य तथ्यपत्रक देणं बंधनकारक आहे; त्यात खरा वार्षिक दर आणि सगळे आकार एकत्र दिसतात. डिजिटल पद्धतीनं घेतलेल्या कर्जात किमान एक दिवसाची अशी मुदत असते की तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांपुरतं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र बहुधा परत मिळत नाही. काही वित्तसंस्था ही मुदत जास्तही देतात. पेटीतून काढल्या काढल्याच फोन मृत निघाला, तर दुकानदाराकडून पैसे परत घेताना ही मुदत हाताशी असते.

फोन बदलून मिळाला तर नव्या फोनचा आयएमईआय वेगळा असतो, आणि कर्जाच्या व विम्याच्या कागदांवर जुनाच राहतो. तो लगेच लेखी बदलून घ्यावा, नाहीतर पुढे पडदा फुटल्यावर विमा कंपनी म्हणते, हा फोन आमच्याकडे नोंदलेलाच नाही. पैसे परत मिळाले तर काम आणखी नाजूक होतं. वित्तसंस्थेच्या कर्जात परतावा बहुधा दुकानदाराकडून तिच्याकडे जातो. कर्ज रद्द झाल्याचं पत्र आणि भरलेल्या हप्त्यांचा हिशेब मागून घ्यावा. क्रेडिट कार्डावर परतावा जमा दिसला तरी हप्त्यांची योजना आपोआप बंद होईलच असं नाही. बँकेला सांगून ती बंद करावी लागते. खात्यातून हप्ता कापायची संमतीही लेखी रद्द करून घ्यावी.

या टप्प्यावर काही वेळा वित्तसंस्थेकडून थोडे पैसे भरून कर्ज मिटवायचा प्रस्ताव येतो. तो घेण्याआधी पतअहवालात काय लिहिलं जाणार ते विचारावं. ‘सेटल्ड’ असा शेरा म्हणजे कर्जदारानं पूर्ण फेड केली नाही असा अर्थ पुढची बँक लावते; आपल्याला ‘क्लोज्ड’ हवं असतं. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. कर्ज बंद होऊन दोन-एक महिने झाले की तो काढून पाहावा. चुकीची नोंद दिसली तर पतमाहिती संस्थेकडे आणि कर्जदात्याकडे तक्रार करावी. ती ३० दिवसांत मार्गी लागली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.